आधीच्या दुरुस्त्यांची दुरुस्ती

माझ्याकडे १९९४ सालची, पेट्रोलवर चालणारी कॉन्टेसा आहे. २०१७ साली ती घेतल्यापासून तिच्यावर केलेल्या प्रत्येक कामाची मी एका वहीत तारखेनिशी नोंद ठेवत आले आहे. ती वही चाळताना एक गोष्ट वारंवार समोर येते, ती म्हणजे मूळ गाडीतले म्हणावेत असे बिघाड तिच्यात फार थोडे निघाले. बहुतेक सगळे त्रास आधी कोणीतरी घाईत, अर्धवट किंवा कारण न शोधता केलेल्या दुरुस्तीतून आलेले होते, आणि त्यांच्यावर पुन्हा तशाच दुरुस्त्यांचे थर चढलेले होते. जुनी मोठी गाडी सांभाळणे म्हणजे हे थर एकेक करून उतरवत मूळ रचनेपर्यंत पोहोचणे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

ज्यांनी ही गाडी रस्त्यावर पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देते. इंग्लंडमध्ये व्हॉक्सहॉल कंपनीने १९७२ साली व्हिक्टर या गाडीची शेवटची पिढी बाजारात आणली होती. त्या गाडीचे उत्पादन तिकडे थांबल्यावर तिच्यावर आधारलेली कॉन्टेसा हिंदुस्थान मोटर्सने १९८४ साली आपल्याकडे आणली आणि पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात ती २००२ पर्यंत तयार होत राहिली. सुरुवातीच्या कॉन्टेसाला ॲम्बॅसॅडरचेच १४८९ सीसीचे इंजिन होते आणि एवढ्या जड गाडीला ते अपुरे पडत असे. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात इसुझूचे १८१७ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा गिअर बॉक्स आला, तेव्हा कुठे या गाडीला तिच्या अंगाला शोभेल असा जोर मिळाला. माझी गाडी त्यातलीच आहे. साडेचार मीटरपेक्षा जास्त लांबी, मागच्या चाकांना मिळणारी ताकद, लांबलचक बोनेट आणि सोफ्यासारखी मागची सीट यामुळे ती आजच्या चार मीटरच्या आत कोंबलेल्या गाड्यांशेजारी वेगळ्याच मापाची दिसते. लहानपणी हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून शाळेत जाताना पांढऱ्या ॲम्बॅसॅडरच्या रांगेत एखादी कॉन्टेसा उभी दिसली, की आम्ही मुली सायकलवरून उतरून ती पाहत असू. पण मी ही गाडी त्या आठवणीसाठी घेतली नाही. माझ्या आईचे दोन्ही गुडघे दुखतात, आणि कॉन्टेसाच्या मागच्या सीटवर तिला पाय पूर्ण लांब करून बसता येते, हे खरे कारण होते.

गाडी धंतोलीतल्या एका जुन्या बंगल्याच्या आवारात कडुनिंबाखाली उभी होती. मालक वारले होते, मुले पुण्याला होती आणि २०१४ नंतर ती रस्त्यावर आलेली नव्हती. पत्रा वरून उत्तम दिसत होता. मुंबईची खारी हवा नागपुरात नाही, त्यामुळे इथल्या जुन्या गाड्यांचा सांगाडा बराच टिकतो. मात्र इथले ऊन रबर, प्लॅस्टिक आणि डॅशबोर्ड खाऊन टाकते. तिचा डॅशबोर्ड दोन ठिकाणी तडकलेला होता, दारांची रबरे दगडासारखी झाली होती. बॅटरी, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, टायर आणि ऑइल बदलल्यावर, टाकीतले जुने पेट्रोल उपसून टाकल्यावर इंजिन दुसऱ्या दिवशी सुरू झाले आणि आम्ही ती घरी आणली.

खरा त्रास पुढच्या वर्षी, २०१८ च्या मे महिन्यात सुरू झाला. अमरावतीला एक लग्न होते. आईला मागे बसवून आम्ही सकाळी उशिरा निघालो, आणि बाजारगाव ओलांडून कोंढाळीच्या अलीकडे आलो तोच तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. मी गाडी बाजूला घेतली. बोनेट उघडताच रेडिएटरच्या झाकणाखालून वाफ फुसफुसत होती, आणि खाली डांबरावर पाण्याचे ओघळ पडताक्षणी वाळत होते. आईला बाभळीच्या विरळ सावलीत उभे करून मी पाऊण तास इंजिन थंड होण्याची वाट पाहिली. गाडी बंद पडण्याचे मला तितके वाटले नाही, पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला भर उन्हात रस्त्यावर उभे करावे लागले, ते मला फार लागले.

नागपूरला परतल्यावर ज्या गॅरेजमध्ये गाडी नेली, तिथे तिचे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडण्यात आले, हेडला फेस मारण्यात आला म्हणजे त्याचा पृष्ठभाग घासून सपाट करण्यात आला, त्याच्याखाली सांधा घट्ट धरणारे नवे गॅस्केट बसवण्यात आले आणि वॉटर पंपही बदलण्यात आला. अठरा हजारांचे बिल झाले. तिसऱ्या दिवशी व्हरायटी चौकात काटा पुन्हा लाल रेषेवर. जुने गॅस्केट मी मागून घेतले होते. ते मी घरी नीट न्याहाळले, तर ते कुठेही जळलेले किंवा फुटलेले नव्हते. म्हणजे जो भाग शाबूत होता तोच बदलला गेला होता, आणि गाडी गरम का होते हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. त्या दिवसापासून मी दोन गोष्टी ठरवल्या. काढलेला प्रत्येक भाग परत मागायचा, आणि कारण सांगितल्याशिवाय काहीही उघडू द्यायचे नाही.

एका परिचितांनी कामठी रस्त्यालगतच्या गल्लीतल्या एका वयस्कर मिस्त्रींचा पत्ता दिला. त्यांनी हयातभर ॲम्बॅसॅडर आणि कॉन्टेसा याच गाड्यांवर काम केलेले. त्यांनी पाना हातात घेतला नाही. इंजिन सुरू ठेवून त्यांनी वर्तमानपत्राचे एक पान घेतले आणि रेडिएटरच्या पुढच्या जाळीसमोर धरले. मध्यभागी पान जाळीला चिकटले; वरच्या कोपऱ्यांकडे नेले की गळून पडू लागले. मग ते म्हणाले, "ताई, इंजनाले काही झालं नाही. पंखा हवा ओढून राहिला, पन अर्धी हवा पुढून अन् अर्धी मागूनच घेऊन राहिला. याचं कडं कोनं काढलं?"

पंख्याभोवती एक कडे असते, त्याला मिस्त्री लोक काउल म्हणतात. पंख्याने ओढलेली हवा रेडिएटरच्या सगळ्या पृष्ठभागातूनच यावी, बाजूने इंजिनाकडची तापलेली हवा परत ओढली जाऊ नये, एवढेच त्याचे काम. वॉटर पंपाशी पोहोचायचे तर ते कडे आधी काढावे लागते. कधीकाळी कोणीतरी पंप बदलण्यासाठी ते काढले असावे आणि परत बसवण्याचा कंटाळा केला असावा. चार बोल्टची भोके रेडिएटरच्या चौकटीवर तशीच होती, त्यांच्या कडांवर गंज चढला होता. हिवाळ्यात किंवा मोकळ्या रस्त्यावर वेगात धावताना वारा आपोआप आत येतो, त्यामुळे उणीव जाणवत नाही. मे महिन्यात, सिग्नलवर उभ्या असलेल्या गाडीत ती जाणवते. पण कोंढाळीजवळ गाडी उभी नव्हती, चांगली धावत होती, आणि तरीही ती गरम झाली होती. म्हणजे एवढे एकच कारण पुरेसे नव्हते. हे मी मिस्त्रींना बोलून दाखवले, तेव्हा त्यांनी मान डोलावून रेडिएटरच उतरवला.

रेडिएटरचे काम मोमिनपुऱ्याकडे एका लहानशा दुकानात झाले, तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांना सगळेच चाचा म्हणतात. त्यांनी गॅसच्या ज्योतीने वरच्या पितळी टाकीची सगळी कड तापवली, डाख वितळू लागला तसा चपट्या पट्टीने तो ओढून काढला आणि टाकी अलगद उचलली. खाली नळ्यांच्या तोंडांच्या रांगा दिसू लागल्या. मी वाकून पाहिले. प्रत्येक नळीचे तोंड पांढुरक्या, पिवळसर थराने आवळत आले होते, काही तर पूर्ण बुजली होती. चाचांनी पातळ पोलादी पट्टी एका नळीत घातली, ती बोटभर आत गेली आणि अडली. दुसरीत तेवढीच. पट्टी बाहेर ओढली तेव्हा तिच्या टोकाला जो भुगा आला, तो मी कागदाच्या पुडीत बांधून घेतला.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. पुडीतल्या भुग्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले, तसा तो फसफसून उठला. तो चुन्याचा थर होता, कॅल्शियम कार्बोनेट. मग मला धंतोलीच्या त्या बंगल्याच्या आवारातली विहीर आठवली. त्या घरच्यांना विचारून मी विहिरीच्या पाण्याचा नमुना आणला आणि त्याचे काठिण्य मोजले. आमच्याकडे हे मापन ईडीटीएच्या द्रावणाने करतात. पाण्यात निर्देशक टाकला की ते जांभळट लाल होते, आणि थेंबाथेंबाने द्रावण घालत गेले की एका क्षणी स्वच्छ निळे होते. त्या नमुन्याला निळे व्हायला इतका वेळ लागला की मला ब्युरेट पुन्हा भरावी लागली. प्रतिलिटर ७४० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाप्रमाणे २०० मिलिग्रॅमपर्यंतचे काठिण्य स्वीकारार्ह असते आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. वर्षानुवर्षे ड्रायव्हर त्याच विहिरीची बादली रेडिएटरमध्ये ओतत आला असणार. असे पाणी तापले की त्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि ते सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे नेमके इंजिनात आणि रेडिएटरमध्ये, थर धरून बसते. चहाच्या भांड्यात दिसतो तोच थर. पेंच धरणाचे नळाचे पाणी त्या मानाने बरेच सौम्य आहे, तरी मी आता तेही वापरत नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, एवढेच.

हे सांगण्यात मी थोडी रमले, कारण माझ्या रोजच्या कामाचा माझ्या गाडीशी संबंध जोडला गेला तो पहिला दिवस होता.

चाचांनी जुना गाभा, म्हणजे रेडिएटरचा नळ्यांचा भाग, काढून त्याच मापाचा नवा तांब्याचा गाभा बसवला. इंजिनाच्या आतले थर काढण्यासाठी सायट्रिक ॲसिडचे सौम्य द्रावण भरून गाडी थोडा वेळ चालवली, ते काढून टाकले, आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत चार वेळा धुतले. त्यात आणखी दोन गोष्टी सापडल्या. थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅटच नव्हता. "गरम होते ना, मग काढून टाका" हा सल्ला आपल्याकडे इतका सर्रास दिला जातो की तो न देणारा मिस्त्री विरळा. पण साधारण ८२ अंशांना उघडणारी ती लहानशी झडप इंजिनाला योग्य तापमानावर आणून ठेवते. ती काढली की हिवाळ्यात इंजिन थंडच राहते, पेट्रोल जास्त जाते आणि ऑइलमध्ये गाळ धरतो. दुसरी गोष्ट म्हणजे रेडिएटरचे झाकण भलत्याच गाडीचे होते आणि त्याची स्प्रिंग निकामी झाली होती. हे झाकण आत दाब धरून ठेवते आणि दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू वर सरकतो. वातावरणाच्या वर आणखी एक बार दाब असेल तर पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकणाने दाब धरलाच नाही, तर शंभरी गाठायच्या आतच उकळी फुटते. म्हणजे चार दोष एकमेकांत गुंतलेले होते, आणि त्यांतला एकही हेडच्या गॅस्केटमध्ये नव्हता.

पंख्याचे कडे बाजारात मिळाले नाही. शेवटी मिस्त्रींच्या ओळखीच्या डेंटरने पुठ्ठ्याचा नमुना कापून, तो चार बोल्टच्या भोकांवर लावून पाहून, पत्र्याचे कडे ठोकून दिले. वर्तमानपत्राचे पान आता चारही कोपऱ्यांवर चिकटते. पुढच्या वर्षी नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू असताना, दुपारी, आम्ही मुद्दाम अमरावतीला जाऊन आलो. चढावर, घाटात, तिवसा फाट्यावर चहासाठी थांबून पुन्हा सुरू करताना, काटा मध्याच्या जरासा पुढे गेला आणि तिथेच राहिला.

पेट्रोलच्या वाटेची कहाणीही याच वळणाची आहे. उन्हाळ्यात नागपुरात काही चौकांत दुचाकीवाल्यांसाठी हिरव्या जाळ्या बांधतात, त्यांच्या सावलीत उभी असताना माझी गाडी बंद पडे आणि वीस मिनिटे सुरू होत नसे. इंजिनाच्या अंगाला लावलेल्या पंपात किंवा त्याच्या आसपास पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ पुढे ढकलता येत नाही. आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे पंपावर ओले फडके टाकणे. तो मीही दोन उन्हाळे केला. मग एका रविवारी खाली झोपून, टॉर्चच्या उजेडात पेट्रोलची नळी हाताने चाचपत मागून पुढे आले. टाकीपासून अर्ध्या वाटेपर्यंत ती मूळची धातूची नळी होती, पुढे मात्र कोणीतरी काळा रबरी पाइप जोडून तो सायलेन्सरच्या तापलेल्या नळीपासून दोन बोटांवरून नेला होता. मूळ नळी कुठून जायची हे शोधणे अवघड नव्हते, कारण तिला धरून ठेवणाऱ्या क्लिपांची भोके पत्र्यावर तशीच होती. कारखान्यात ज्यांनी ही गाडी आखली त्यांनी नळी उष्णतेपासून दूर ठेवली होती. आम्हाला फक्त ती परत तिथे न्यायची होती. तांब्याची नळी वाकवून घेतली, भोकांवर नव्या क्लिपा बसवल्या, शेवटच्या वीतभर रबरी तुकड्यावर उष्णतारोधक नळकांडे चढवले. ओले फडके तेव्हापासून डिक्कीत पडून आहे.

आता इथेनॉलचा प्रश्न आला आहे. २०२५ पर्यंत देशभरच्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल रुळले, आणि तीस वर्षांपूर्वीची रबरे त्यासाठी बनवलेली नाहीत. ती फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. गाडीत बसल्याबरोबर पेट्रोलचा वास येऊ लागला तर तो अंगावर काढू नये; तो थेट आगीचा धोका आहे. मी सगळे रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची सीलं इथेनॉलला टिकणाऱ्या रबराची घालून घेतली. टाकीच्या तळाशी साठलेला जुना मळ सुटून येतो, म्हणून पहिले काही महिने पेट्रोलचा फिल्टर वरचेवर बदलला. आणखी एक मुद्दा फारसा बोलला जात नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो आणि त्याच्या एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. नव्या गाड्यांतला सेन्सर ते ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला ते कळण्याचा मार्गच नाही. त्यामुळे मिश्रण पातळ पडते, पिकअप कमी होतो आणि इंजिन पूर्वीपेक्षा तापते. मिस्त्रींनी कार्बोरेटरचा मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक भोक, एका नंबराने मोठा घातला, मग प्लगांची टोके पांढरट दिसायची ती पुन्हा फिकट तपकिरी झाली. ॲव्हरेज थोडे कमी झाले, ते मी स्वीकारले आहे. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी महिनोन्महिने उभी ठेवणे मात्र टाळते, कारण असे पेट्रोल हवेतले पाणी ओढून घेते आणि टाकी आतून गंजते.

गंजाचे सांगायचे तर नागपुरात तो बाहेरून येत नाही, आतून येतो. इथे पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर होतो, पण तो चार महिन्यांत आटोपतो, आणि बाकीचे आठ महिने गाडी कोरडी राहते. एका ऑगस्टमध्ये ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट ओली लागली. मॅट उचलली, खालचे डांबरी अस्तर खरवडले, आणि पेचकसाच्या मुठीने पत्र्यावर हलकेच ठोकत गेले. खणखणीत आवाज येत होता तो ब्रेकच्या पेडलखाली एकाएकी बद्द झाला. पेचकसाचे टोक टेकवले तर ते पत्र्यात शिरले नाही, फायबरच्या तुकड्यात शिरले. सडलेल्या पत्र्यावर कोणीतरी फायबर चिकटवून, वर पुट्टी आणि काळा रंग मारून काम साजरे केले होते. पण पत्रा का सडला होता? समोरच्या काचेखाली, वायपरच्या पुढे, जी पन्हळ असते, तिच्यातले पाणी दोन्ही बाजूंच्या भोकांतून खाली पडायला हवे. मी जाड तार वाकवून त्या भोकात घातली आणि ओढली, तसा काळ्या, कुजलेल्या, चिखल झालेल्या पानांचा गोळा बाहेर आला, आणि त्यात कडुनिंबाच्या पानांचे दात अजून ओळखू येत होते. धंतोलीतले ते झाड. पाणी तिथे तुंबायचे आणि पत्र्याच्या सांध्यातून आत पाझरून पायाखाली साचायचे.

डेंटरने फायबर उपटून, चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जाऊन, २० गेजच्या पत्र्याचा तुकडा बेतून वेल्डिंग केले. मी दिवसभर तिथे स्टुलावर बसून होते. वेल्डिंगच्या कडेला आतून आणि खालून दोन्हीकडून प्रायमर लावला जातो की नाही, हे मला पाहायचे होते. बहुतेक ठिकाणी खालची बाजू विसरली जाते आणि तीन पावसाळ्यांत तोच तुकडा पुन्हा सडतो. मी हे बोलून दाखवले तेव्हा तो तरुण डेंटर म्हणाला, "मॅडम, तुम्ही पाहून राहिल्या म्हनून नाही, मी तसंही लावतोच." मला त्याचे म्हणणे पटले, कारण तोपर्यंत त्याने खालची बाजू घासून ठेवली होती. आता दर वर्षी मृग लागायच्या आधी पन्हळीची भोके तारेने साफ करणे, हे माझे घरच्या छपराच्या पन्हळीइतकेच ठरलेले काम आहे.

सुट्या भागांविषयी लोक फार घाबरवतात, त्यात निम्मेच तथ्य आहे. इसुझूचे हेच इंजिन १९९० च्या दशकात ॲम्बॅसॅडर १८०० आयएसझेडमध्ये बसवले गेले आणि त्या गाड्या टॅक्सी आणि सरकारी वाहने म्हणून देशभर धावल्या. त्यामुळे पिस्टन रिंग, बेअरिंग, गॅस्केट, वॉटर पंप हे इंजिनाचे सामान आजही मिळते. कारखाना कोलकात्याजवळ असल्याने तिकडच्या मल्लिक बझारात, आणि तिथे नसल्यास दिल्लीच्या काश्मिरी गेटला, विचारणा करावी. मी मल्लिक बझारातल्या एका दुकानदाराशी फोनवर बोलते, ते फोटो पाठवतात, मी व्हर्निअर कॅलिपरने मोजलेली मापे कळवते, आणि सामान हावड्याहून रेल्वे पार्सलने नागपूर स्टेशनवर येते. मापे कळवण्याआधी दोनदा चुकीचे व्हील सिलिंडर आले होते; त्यानंतर मी नावावर कधीच मागवले नाही. अवघड आहे ते अंगावरचे सामान, म्हणजे दिवे, काचा, क्रोमच्या पट्ट्या, दारांची रबरे. मागच्या डाव्या दिव्याची काच मिळवायला मला दीड वर्ष लागले. ज्यांना अशी गाडी घ्यायची आहे त्यांना माझे सांगणे आहे की इंजिन खराब असले तरी चालेल, पण काचा आणि दिवे पूर्ण असलेली गाडी घ्या.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. माझ्या गाडीचे मी २०१९ आणि २०२४ मध्ये केले. २०१९ साली शुल्क ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी १०,००० झाले, म्हणजे २०२९ साली मला तेवढे भरावे लागतील. पर्यावरण कर, पीयूसी, विमा आणि नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट वेगळी. तपासणीला जाण्याच्या आदल्या दिवशी चेसिस नंबरवरचा मळ रॉकेलच्या बोळ्याने पुसून ठेवावा, म्हणजे कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा स्वच्छ उठतो. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे, पण माझ्या गाडीला त्याला अजून अवकाश आहे, आणि मला ती रोज वापरायची आहे, मांडून ठेवायची नाही.

सध्या काम चालू आहे ते मागच्या उजव्या दाराचे.  आतला पत्रा आणि कार्डबोर्ड काढला तेव्हा काचेच्या खाली एक सागवानी पाचर ठोकलेली सापडली. कोणीतरी काच कायमची वर राहावी म्हणून ती तिथे ठेवली होती, आणि इतक्या नेटाने कापली होती की तिच्यावर रंध्याच्या खुणाही दिसत होत्या. काच उचलणाऱ्या दातेरी पात्याचे तीन दात झिजून गुळगुळीत झाले आहेत, त्यामुळे पाचर काढून काच खाली घेतली की हँडल अर्ध्यावर घसरते आणि काच आत पडते. मल्लिक बझारात हे पाते मिळाले नाही. लेथवाले काका म्हणाले की झिजलेल्या जागी पितळ भरून, शेजारच्या चांगल्या दाताचा नमुना घेऊन, कानशीने नवे दात काढता येतील. सोमवारी त्यांच्याकडे पाते दिले आहे. ते येईपर्यंत पाचर परत जागेवर बसवली आहे, आणि आई डाव्या बाजूला बसते.